दाराशीच आहे इतिहास
शिंदखेड्यात पाहुणे आले की आपण त्यांना थेट अजिंठ्याला पाठवतो. जवळचं दाखवायचं सुचतच नाही. भल्या सकाळी मुडावदला तापी-पांझरेचा संगम पाहावा. मग तापीकाठचं थाळनेर गाठावं. ही बऱ्हाणपूर वसण्याआधीची खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा, त्याची कबर इथलीच. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांनी इथला होळकरांचा किल्ला घेतला आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फासावर चढवलं. दुपारी शेवभाजी-भाकरी हाणून चिमठाण्याकडे वळावं. १४ एप्रिल १९४४ रोजी साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या साथीनं क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला, तो याच परिसरात. फारुकी, होळकर आणि स्वातंत्र्यलढा एका दिवसात बघून होतात. फक्त वैशाखात निघू नका. खानदेशाचं ऊन पाहुणा-बिहुणा ओळखत नाही.