परमुलखाची पाठवणी

मुलीची पाठवणी कशी करावी, हें आपल्या घरांस कोणीं शिकवावें लागत नाहीं. ओटींत काय घालावें, निघतांना कोणाकोणाच्या पायां पडावें, पाठराखीण म्हणून कोणीं जावें, याचा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. परंतु अलीकडे घरोघरीं दुसऱ्याच एका पाठवणीचा प्रसंग येऊं लागला असून तिचा परिपाठ मात्र अजून कोणीं घालून दिलेला नाहीं. शिक्षण संपवून नोकरीच्या नेमणुकीचें पत्र हातीं पडतांच घरचा मुलगा अथवा मुलगी दूरच्या शहरीं एकटी जावयास निघते. सासरीं जाणारी मुलगी एका भरल्या घरांतून दुसऱ्या भरल्या घरांत जात असे. ही मात्र भरल्या घरांतून कुलुपाच्या खोलींत जाते. हा फरक लहान नव्हे, आणि ह्या महिन्याच्या लेखाचा तोच विषय आहे.

उदाहरणादाखल, पुण्यांतील एका घरची बावीस वर्षांची मुलगी चेन्नईस निघाली आहे असें समजूं. चेन्नई म्हणजे १९९६ पर्यंतचें मद्रास. आगगाडीनें सोलापूर, वाडी, गुंतकल असा हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास. ही वार्ता कळतांच वडील मंडळी पहिली शंका काढतात ती हवेची. “तेथें उकडतें फार,” असें आत्या म्हणते. त्यावर धाकटा काका फोनवर आंकडे पाहून सांगतो कीं, मे महिन्यांत दोन्ही शहरांच्या पाऱ्यांत फारसा फरक नाहीं. आपापल्या परीनें दोघेंही खरें बोलतात. मे महिन्यांत दुपारचें सरासरी उष्णमान दोहोंकडे सुमारें ३७ अंश असतें. पण पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवर आहे. तेथें सूर्य मावळला कीं हवा उतरते आणि पहाटेस पारा सरासरीनें २२-२३ अंशांपर्यंत खालीं येतो. चेन्नई समुद्राच्या कांठीं वसलेली. तेथें पहाटेसही तो २८ अंशांच्या आसपासच राहतो. शिवाय हवा दमट. घाम वाळतो तेव्हां शरीर थंड होतें. दमट हवेंत तो लवकर वाळत नाहीं, नुसता निथळतो. म्हणून त्या शहराचा उन्हाळा रात्रीं ओळखावा. दिवसभर तापलेल्या शरीरास रात्रीं विसांवा मिळाला नाहीं, म्हणजे कांहीं दिवसांतच झोंप, भूक आणि चित्त हीं तिन्ही बिघडूं लागतात.

आपल्या पंचांगाचा हिशेबही तेथें चालत नाहीं. मृग लागला कीं उन्हाळा संपला, असें आपण मानतों. चेन्नईचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. वर्षाच्या सुमारें १४०० मिलिमीटर पावसापैकीं निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या तीन महिन्यांत पडतो. जूनमध्यें पुण्यास पागोळ्या गळूं लागतात, तेव्हां तेथें दुपारचा पारा ३६-३७ अंशांवरच असतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून सुमारें पंचवीस दिवस जो कडक उन्हाळा पडतो, त्यास तमिळ लोक अग्निनक्षत्र म्हणतात. त्या दिवसांत सूर्य कृत्तिकेच्या आसपास असतो, आणि कृत्तिकेची देवता अग्नि, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्या नांवाचें नवल वाटणार नाहीं. रुजू होण्याचा दिवस आपल्या हातीं असेल, तर हे दिवस टाळून डिसेंबरअखेर किंवा जानेवारींत जावें. नसेल, तर पहिले दोन आठवडे जपून काढावे.

दोन आठवडे म्हणण्यास कारण आहे. आपल्या भाषेंत ‘पाणी मानवणें’ असा वाक्प्रचार आहे. शरीरशास्त्रानें त्यास आतां मुदतही घालून दिली आहे. निरोगी माणसाच्या शरीरास नव्या उष्म्याची संवय होण्यास साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळांत घाम लवकर सुटूं लागतो, त्यांतून मीठ कमी जाऊं लागतें, रक्तांतील द्रवांश वाढतो आणि हृदयावरील ताण उतरतो. मात्र ही संवय उष्म्यांत थोडेंथोडें वावरल्यानेंच लागते. दिवसभर वातानुकूलित कचेरींत बसणारास ती लवकर लागत नाहीं. म्हणून सकाळीं किंवा संध्याकाळीं अर्धा तास पायीं फिरावें, पण भर दुपारीं श्रम करूं नयेत.

खोली घेतांना भाडें आणि कचेरीचें अंतर एवढेंच पाहण्याचा प्रघात आहे. चेन्नईस मजला पाहणेंही तितकेंच अगत्याचें आहे. गच्चीखालच्या खोलीचें छत दिवसभर तापतें आणि रात्रभर ती उष्णता खालीं सोडतें. तळमजल्यास दुसरें भय. डिसेंबर २०१५ च्या महापुरांत आणि डिसेंबर २०२३ च्या चक्रीवादळाच्या वेळीं वेलचेरीसारख्या सखल वस्त्यांत घरोघर पाणी शिरलें होतें. तेव्हां खोली मधल्या मजल्यावर असावी, आणि शक्य तर तिला पूर्वेकडे खिडकी असावी. दुपारचा समुद्रावरील वारा त्याच दिशेनें येतो.

पेटी भरण्याचें काम बहुधा आजीकडे असतें. तिचा हात कोण धरणार? तरीही सांगावेसें वाटतें कीं, बेसनाचे लाडू त्या हवेंत लवकर खवट होतात, पापड सादळतात आणि पिठांत किडे होतात. मेतकुटाची लहानशी बरणी पुरे. दहीभात, ताक, शहाळें, ताडगोळे हीं त्या हवेंत राहणाऱ्या लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाळलेलीं पथ्यें आहेत. मुलीनें तीं उचलावीं आणि घरानें त्यांत उणें पाहूं नये. जुलाब होऊन शरीरांतील पाणी कमी झालें, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून तें घोटघोट घ्यावें, हें तिला निघण्यापूर्वींच पाठ असावें. आणखी एक गोष्ट वडील माणसांनीं आपण होऊन सांगावी. हरतालिकेचा निर्जळी उपास त्या हवेंत नको. मुलगी हें विचारणार नाहीं. आजीनें न मागतां परवानगी दिली पाहिजे.

येथवर सांगितलें तें कोणासही शिकतां येईल. खरी उणीव निराळी आहे. एकत्र कुटुंबांत प्रत्येकाकडे लक्ष असतें, आणि तें कोणाचेंच नेमून दिलेलें काम नसतें. पानांत टाकलेला भात काकूस दिसतो, रात्रीं उशिरापर्यंत जळणारा दिवा आजोबांस दिसतो, आणि “आज तुझा आवाज असा कां?” हें धाकटी बहीण विचारते. आपण आजारी आहों, हें पुष्कळदां घरानें सांगितल्यावरच आपणांस कळतें.

उष्माघाताच्या बाबतींत तर हें अक्षरशः खरें आहे. शरीराचें उष्णमान ४० अंशांच्या वर गेलें म्हणजे मेंदूवर परिणाम होतो. माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलूं लागतो, कधीं शुद्धही हरपते. म्हणजे ज्यास धोका आहे, त्याचीच तो ओळखण्याची शक्ति आधीं जाते. त्यास सावलींत नेणें, कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडणें व वारा घालणें, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणें, शुद्ध नसल्यास तोंडांत पाणी न घालणें, हें सारें दुसऱ्या माणसानेंच करावयाचें असतें. जुलै १९९५ मध्यें अमेरिकेंतील शिकागो शहरीं उष्म्याच्या लाटेंत ७०० हून अधिक माणसें दगावलीं. त्या मृत्यूंचा अभ्यास करणारांस असें आढळलें कीं, एकट्या राहणारांस धोका अधिक होता, आणि ज्यांचे त्या वस्तींत स्नेही होते त्यांस कमी. मृतांत वृद्ध व रोगी अधिक होते. बावीस वर्षांच्या निरोगी मुलीस तेवढें भय नाहीं. परंतु एकट्या माणसाच्या दारावर थाप मारणारें कोणी असावें, हा बोध लहानथोरांस सारखाच आहे.

यावर आमचे तरुण वाचक म्हणतील कीं, घरांतील ह्याच डोळ्यांस कंटाळून तर आम्ही बाहेर पडतों. हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. “केव्हां आलीस? कोणाशीं बोलत होतीस? फोन कां उचलला नाहींस?” ह्या प्रश्नांत काळजी किती आणि अंमल किती, हें विचारणारासही नेमकें सांगतां येणार नाहीं. म्हणून दूर गेलेल्या मुलीमागें घरानें फोनवरून पाळत धाडूं नये. तिचा उपयोगही नाहीं. फोनवर उत्तर ऐकूं येतें, पण टाकलेलें पान दिसत नाहीं. दिवसांतून पांच वेळां विचारलें, तर “मी बरी आहें” हें उत्तर पांच वेळां मिळतें, आणि पांचव्या वेळीं तें खरें कीं नुसतें संवयीचें, हें ओळखण्यास मार्ग उरत नाहीं.

लक्ष ठेवणारें माणूस त्या शहरांतच असलें पाहिजे, आणि होईल तों तें आधीं जोडलेलें असावें. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं, अठरा वर्षांच्या वयांत, घरचें कोणीही बरोबर नसतां वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेल्या. त्यांच्या धैर्याची आठवण आपण नेहमीं काढतों. परंतु न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंशीं त्यांचा पत्रव्यवहार आधींपासून चालला होता, आणि बोटींतून उतरल्यावर कार्पेंटर कुटुंबाचें घर त्यांस आपलें घर म्हणून मिळालें, ह्या गोष्टीकडे आपलें लक्ष कमी जातें. पुढें फिलाडेल्फियाची थंडी आणि अभ्यासाचे श्रम यांत त्यांची प्रकृति ढासळली. १८८६ सालीं पदवी मिळवून त्या परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. परक्या हवेपुढें जवळचें माणूसही कधीं पुरें पडत नाहीं, हें खरें. पण म्हणूनच जेवढें आपल्या हातीं आहे तेवढें तरी करून ठेवावें.

तें असें. नव्या शहरीं पोंचल्यावर पहिल्याच आठवड्यांत मुलीनें दोन माणसें पाहून ठेवावीं, एक राहत्या इमारतींतील आणि एक कचेरींतील. आपण नेहमींच्या वेळीं दिसलों नाहीं, तर त्यांनीं दार ठोठवावें, असें त्यांस उघडपणें सांगावें. यांत लाजण्याचें कारण नाहीं. आपणही त्यांच्यासाठीं तेंच करूं लागलों, म्हणजे उपकाराचें ओझें राहत नाहीं. त्यांचे फोन नंबर घरीं असावेत. मात्र घरानें ते अडचणीच्या वेळींच वापरावेत, मुलीची चौकशी करण्यास नव्हे.

भाषेचें भय वाटतें तेवढें मोठें नाहीं. तण्णीर म्हणजे पाणी, उदवि म्हणजे मदत, पोदुम् म्हणजे पुरे, वेण्डाम् म्हणजे नको. एवढ्यावर पहिला महिना निभतो. हांक मारण्याचे शब्द तर आपल्या घरांतलेच आहेत. थोरल्या भावास अण्णा आणि थोरल्या बहिणीस अक्का. धाकट्या भावास मात्र तंबी म्हणतात. तेव्हां एखाद्या दुकानदारानें आपल्या मुलास ‘तंबी’ म्हटलें, तर त्यानें ती तंबी समजूं नये. त्या मुलखाशीं आपला संबंधही जुना आहे. व्यंकोजीराजांनीं स्थापिलेलें तंजावरचें मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकलें. तेथील बृहदीश्वराच्या देवळांत दुसऱ्या सरफोजीराजांनीं १८०३ सालीं कोरविलेला भोसले घराण्याचा प्रचंड लेख मराठींत आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदें ह्या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे १८२८ सालीं कुंभकोणास एका मराठी घराण्यांत जन्मले आणि मद्रासेस शिकले. तीं माणसें तेथील भाषा बोललीं, तेथील अन्न जेवलीं आणि तेथलीं झालीं.

पूर्वीं नवरीबरोबर जी पाठराखीण जात असे, ती चार दिवस राहून परत येई. तोंवर सासरच्या माणसांशीं मुलीची ओळख झालेली असे. ह्या नव्या पाठवणींतही तो रिवाज ठेवण्यासारखा आहे. आईनें किंवा आत्यानें मुलीबरोबर जावें आणि आठवडाभर राहावें. भांडीकुंडी लावण्यांत तो आठवडा घालवूं नये; शेजारच्या अक्कांकडे मुलीस घेऊन बसावें, त्यांच्या हातची कॉफी घ्यावी, आपल्या बरणींतलें मेतकूट त्यांस द्यावें, आणि ओळख जमली असें दिसतांच गाडीचें तिकीट काढावें. परत येणें हाही पाठराखणीच्या कामाचाच भाग आहे.