कच्च्या मडक्याचा कैवार

कलावंताने पहिल्या रेषेपासून निर्दोषतेचा आग्रह धरावा आणि खेळकरपणा पोरासोरांसाठी सोडून द्यावा, या मताला मोठी प्रतिष्ठा आहे. या मताला आधार देता येतील अशा दोन गोष्टी ढोकीजवळच्या तेर या प्राचीन नगरात सापडतात. पहिली म्हणजे तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयातल्या सातवाहनकालीन मृण्मूर्तींची, म्हणजे भाजलेल्या मातीच्या मूर्तींची, रेखीवता. दुसरी म्हणजे तेथले कुंभार संत गोरोबाकाका यांची आख्यायिका: त्यांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले.

हे दोन्ही आधार तपासणीत टिकत नाहीत. केओलिन या पांढऱ्या मातीच्या तेथील मूर्तींपैकी अनेक दोन भागांच्या साच्यांतून काढलेल्या आहेत. साचा एका रूपाच्या अनेक आवृत्त्या देतो, पण ते रूप साच्याआधी कोणाच्या तरी हाताने घडवून पाहावे लागते. म्हणून त्या रेखीवतेवरून कारागिराचे कौशल्य सिद्ध होते, चुकण्याची भीती नव्हे. थापटणे तर अर्धवट सुकलेल्या मडक्याला बाहेरून ठोकून आकार देण्याचे साधन आहे, म्हणजे जे अजून बदलू शकते त्यावरच ते चालते. आख्यायिकेतही नामदेव टाकाऊ ठरत नाहीत. ते गुरू विसोबा खेचरांकडे जातात आणि घडतात.

काव्यशास्त्राचा दाखलाही याच बाजूचा आहे. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याच्या लक्षणातच निर्दोषता घातली, तेव्हा चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त आक्षेप घेतला की, ही अट मानल्यास काव्य फार दुर्मीळ होईल किंवा उरणारच नाही, आणि किडीने छिद्र पाडले म्हणून रत्नाचे रत्नपण जात नाही.

आता मंडन. न भाजलेली माती सुकली, तरी पाण्यात भिजवून पुन्हा मळता येते. आव्यात, म्हणजे मडकी भाजण्याच्या भट्टीत, सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तिच्यातील रासायनिक रीतीने बांधलेले पाणी निघून गेले, की तिचा पुन्हा चिखल होत नाही. याचा अर्थ असा की, आव्यापूर्वीची प्रत्येक चूक दुरुस्त होण्याजोगी असते, आणि नेमक्या त्याच अवस्थेत अंतिम निर्णयाची कठोरता आणणे ही परिपूर्णतावादाची, म्हणजे निर्दोषतेच्या हट्टाची, मूळ चूक आहे. पोळ्याला घरोघरी हाताने केलेल्या मातीच्या बैलांची शिंगे क्वचितच सारखी असतात, तरीही पूजा त्यांचीच होते.

यावर खेळकरपणा म्हणजे निष्काळजीपणा, असा आक्षेप येईल. परंतु निष्काळजी माणूस मातीतला खडाही काढत नाही. खेळणारा माती नीट मळतो आणि मगच आकाराशी मोकळेपणाने वागतो. मेहनत खेळणारा आणि परिपूर्णतावादी या दोघांनाही मान्य आहे. परिपूर्णतावाद्याशी वाद आहे तो पारख केव्हा करावी, एवढाच. तेव्हा ढोकी-तेर परिसरातील शाळांनी तरी मातीकामाच्या तासाला गुण देण्याची घाई सोडावी आणि मुलांना आधी मनसोक्त मोडू-घडू द्यावे.