वय काय तुमचं?



मागच्या महिन्यात केंद्रावर एक बाई आल्या. तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून नियमाप्रमाणे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या. पिशवीत बी.एड.चं प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला आणि नवा कोरा पासपोर्ट. परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं म्हणून त्यांनी पाच ठिकाणी अर्ज केले होते. दोघांनी उत्तरच दिलं नाही. दोघांनी आधी जन्मतारीख आणि फोटो मागितला, मग तेही गप्प झाले. पाचवा एजंट. त्यानं दीड लाख रुपये मागितले. बाई म्हणाल्या, "तक्रार नाही करायची. एवढंच विचारायचंय, हे हसण्यासारखं आहे का? घरी सगळे हसतात."

निवृत्त झालेले साहेब सल्लागार म्हणून नव्या कंपनीत रुजू झाले, तर कोणी हसतं का? उलट अनुभवाचं कौतुक होतं. बाईचा अनुभव मात्र तिच्या वयात जमा होतो. या बाईंना तिशीतच बाहेर पडायचं होतं. तेव्हा मुलं लहान होती, मग नवऱ्याची बदली, मग सासूबाईंचं आजारपण. तिशीत घरानं सोडलं नाही आणि साठीत जग घेत नाही. म्हणून वयाची अट सगळ्यांना सारखी दिसली तरी तिचा भार सारखा पडत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पस्तिसाव्या वर्षी निवृत्तीचा नियम होता, त्याच विमानातल्या पुरुष कर्मचाऱ्यांना अठ्ठावन्नचा. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं पहिल्या गरोदरपणी नोकरी घालवणारं कलम रद्द केलं, पण निवृत्तीच्या वयातला फरक हा भेदभाव मानला नाही. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५८ चा करार भारतानं १९६० साली मान्य केला. त्यात वंश, वर्ण, लिंग, धर्म असे सात आधार मोजले आहेत. वय त्यात नाही. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं वयस्क स्त्रियांच्या हक्कांवर स्वतंत्र शिफारस केली, ती २०१० साली.

परदेशी इंग्रजी शिकवण्याच्या कामात तर तीन चाळण्या आहेत. पहिली पासपोर्टची. चीन आणि दक्षिण कोरियात भाषाशिक्षकाचा व्हिसा मुख्यतः इंग्रजी मातृभाषा मानलेल्या देशांच्या नागरिकांसाठी आहे. कोरियाशी २०१० साली अमलात आलेल्या करारानं शिक्षक-पात्रता असलेल्या भारतीयांना थोडी वाट मिळाली, तीही सहायक म्हणून. दुसरी चाळणी वयाची. चीनच्या परवान्यात वयाला गुण आहेत; पंचेचाळिशीनंतर ते घटतात आणि साठीनंतर शून्य होतात. तिसरी चाळणी कुठल्याच नियमात लिहिलेली नसते. ती फोटोची.

तरीही सगळी दारं बंद नाहीत. मालदीवच्या बेटांवरच्या शाळांत आणि आखाती देशांतल्या भारतीय शाळांत आपले शिक्षक वर्षानुवर्षं शिकवत आहेत. तिथे बी.एड. आणि वर्गातल्या वर्षांना किंमत आहे. केंब्रिजच्या सेल्टा या अभ्यासक्रमाला किमान वयाची अट आहे, कमाल वयाची नाही. तो किमान १२० तासांचा असतो आणि त्यात सहा तास प्रत्यक्ष शिकवावं लागतं. फी मात्र जड आहे. म्हणून आधी नोकरी कुठे शक्य आहे ते पाहा, मगच पैसे भरा.

अर्ज करण्यापूर्वी त्या देशाचा वर्क परमिट कोणत्या वयापर्यंत मिळतो, हे त्यांच्या सरकारी नियमांतच बघा, एजंटाच्या तोंडून नको. एजंट नोंदणीकृत आहे का, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट यादीत तपासा. पर्यटक व्हिसावर "जाऊन तर बघा, मग करू" असं कोणी म्हणालं, तर तिथूनच उठा. करार लेखी घ्या. आजारपणाचा विमा जुन्या दुखण्यांना लागू आहे का, परतीचं तिकीट कोणाचं, हे त्यात वाचा. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला परदेशातून कसा द्यायचा, ते निघण्यापूर्वीच विचारून घ्या.

त्या बाईंना आम्ही नोकरी देऊ शकलो नाही. एजंटाला देण्यासाठी बांगड्या मोडायच्या म्हणत होत्या, तेवढं थांबलं. अर्ज पुन्हा लिहिला. आधीच्या अर्जात पहिलीच ओळ होती, "वय जास्त असले तरी प्रकृती उत्तम आहे." ती खोडली आणि तिथे लिहिलं, "तीस वर्षे मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवले." इंग्रजी ज्यांच्या घरात नाही अशा मुलांना ती भाषा शिकवण्याची ही विद्या आहे. परदेशातल्या वर्गात हवी असते ती हीच.

तुमच्यापैकी कोणी असं काम शोधलं असेल, मिळवलं असेल, फसली असेल, तर जरूर लिहा. पुढच्या अंकात ती पत्रं छापू. "वय काय तुमचं?" हा प्रश्न एकेकीला विचारला की ती खाली बघते. सगळ्या मिळून "का विचारता?" असं उलट विचारू लागलो, तर उत्तर त्यांना द्यावं लागेल.

– संपादक मंडळ