न भरणारी जखम

पायाची जखम आठवडे उलटूनही भरत नाही, तेव्हा आपण मलम बदलतो. दोष मात्र अनेकदा चयापचयात असतो. रक्तातील साखर सतत वाढलेली राहिली की पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची शक्ती मंदावते, पायांचा रक्तपुरवठा घटतो, संवेदनाही हरपते. ‘मी तर सडपातळ’ हे समाधान फसवे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात नवजात बाळे वजनाने कमी, पण तुलनेने अधिक चरबीची आढळली. अशा बांध्यातच पुढील मधुमेहाचा धोका दडलेला असतो. म्हणून आपल्या स्नेहमेळाव्यात पालकांची रक्तशर्करा व तळपाय तपासण्याची सोय व्हावी. ज्यांच्या पायपिटीवर आपण शिकलो, त्यांच्या पायांची एवढी काळजी आपले कर्तव्यच आहे.