विश्लेषण : ‘कॅन्सर मार्कर’ नॉर्मल आला, म्हणजे पोट ठीक आहे?

रक्ततपासणीच्या पॅकेजमध्ये हल्ली ‘कॅन्सर मार्कर’ सर्रास दिसतात. जव्हार, मोखाड्यात ही तपासणी सोयीचीही वाटते. रक्ताचा नमुना शहरातल्या लॅबमध्ये जातो, पेशंटला घाट उतरावा लागत नाही. पोटाच्या कॅन्सरबाबत मात्र हीच सोय महागात पडू शकते.

मार्कर म्हणजे काय?

कॅन्सर असताना रक्तात ज्यांचं प्रमाण वाढू शकतं, असे हे पदार्थ. जठराच्या कॅन्सरमध्ये प्रामुख्याने सीईए, सीए १९-९ आणि सीए ७२-४ हे तीन तपासले जातात.

अडचण कुठे आहे?

सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेक रुग्णांचे मार्कर नॉर्मलच येतात. उलट बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा सीईए आणि कावीळ किंवा पित्ताशयाच्या आजारात सीए १९-९ कॅन्सर नसतानाही वाढलेला दिसतो.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, १० हजार लोकांत ५ जणांना हा कॅन्सर आहे. चाचणीने त्यातले २ पकडले आणि निरोगी लोकांपैकी फक्त ५ टक्क्यांना चुकीचा इशारा दिला. तरी सुमारे ५०० जण विनाकारण धास्तावतील आणि ३ रुग्ण ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेऊन घरी बसतील.

मग मार्कर कशासाठी?

निदान झाल्यावर उपचार लागू पडतोय का, ऑपरेशननंतर आजार परततोय का, हे पाहायला डॉक्टरांना त्यांची मदत होते. निदान मात्र एंडोस्कोपी आणि बायोप्सीनेच होतं. जपानमध्येही पोटाच्या कॅन्सरच्या सरकारी तपासणीत एक्स-रे आणि एंडोस्कोपीवर भर आहे, मार्करवर नाही.

इथला प्रश्न वेगळा का?

वजन उतरणं, रक्त कमी होणं, भूक मंदावणं ही या आजाराची लक्षणं. कुपोषण आणि अ‍ॅनिमिया रोजचेच असलेल्या या तालुक्यांत ती सहज कष्टाच्या आणि अर्धपोटी राहण्याच्या खाती जमा होतात. त्यात दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि तपासणी आणखी लांबते.

म्हणून गरज स्वस्त मार्कर पॅकेजची नाही. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात ठरलेल्या वारी एंडोस्कोपी व्हायला हवी आणि आशाताईंनी संशयित रुग्णांची नावं स्थलांतराआधीच कळवायला हवीत. मुंबईच्या टाटा रुग्णालयापर्यंत उशिरा पोहोचण्यापेक्षा हा खर्च सरकारलाही परवडेल.

तुम्ही काय कराल?

थोडं खाल्लं तरी पोट भरतं, घास अडकतो, शौच डांबरासारखी काळी होते, उलट्या थांबत नाहीत, कारण नसताना वजन घटतंय? यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना थेट विचारा : ‘मला एंडोस्कोपी लागेल का?’ खिशात एकाच तपासणीचे पैसे असतील, तर ते मार्करवर घालवू नका.