सांगणे म्हणजे विचारणे नव्हे

रेल्वेचा दुसरा मार्ग असो, शहरातली मेट्रो असो, की खाडीवरचा पूल असो, काम सुरू झाले की त्याच्या पत्र्याच्या कुंपणावर एक पाटी लागते. काम जनतेच्या सोयीसाठी चालू आहे, आणि गैरसोयीबद्दल दिलगिरी आहे, असा तिचा मजकूर असतो. त्यात सौजन्य आहे यात शंका नाही. परंतु ज्याच्या सोयीसाठी हे सारे चालले आहे, त्याला ती सोय कोणत्या वाटेने हवी होती, हे त्यास कधी विचारले काय, याविषयी पाटी मुकी असते. अलीकडे तिच्या जोडीला जनसंपर्क अधिकारी आले, रंगीत पत्रके आली, चित्रफिती आल्या, भ्रमणध्वनीवर संदेश येऊ लागले. एवढे झाले की लोकांना विश्वासात घेतले असे अहवालात लिहिता येते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की सांगणे म्हणजे विचारणे नव्हे. मार्ग ठरण्यापूर्वी विचारावयाचे टाळावयाचे, मार्ग ठरल्यावर समजावून सांगावयाचे, आणि या समजावणीला लोकसंवाद म्हणावयाचे, ही शुद्ध शब्दांची फसवणूक होय.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९ जुलै १९९० रोजी झाली. केंद्र सरकार, महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा व केरळ असे पाच भागीदार एकत्र आले. गोव्याचा वाटा शेकडा सहा. रोह्यापासून मंगळुराजवळच्या टोकूरपर्यंत डोंगर फोडून, नद्या ओलांडून २६ जानेवारी १९९८ रोजी या मार्गावरून थेट गाडी धावली. कोकणच्या माणसाचे शंभर वर्षांचे स्वप्न त्या दिवशी खरे झाले, आणि त्या कर्तृत्वाला उणे लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. उलट, या कामाचा पहिला धडा महामंडळाच्या बाजूचाच आहे. सुमारे बेचाळीस हजार जमीनमालकांची जमीन घ्यावयाची होती. पिढ्यानुपिढ्यांची कुळागरे, आंब्याच्या बागा, भाताची खाचरे यांचा तो प्रश्न होता. जेथे अधिकारी स्वतः लोकांपर्यंत गेले, रेल्वे कशासाठी हे त्यांनी नीट सांगितले आणि मोबदल्याचा विलंब टाळला, तेथे पुष्कळांनी आपण होऊन जमिनी दिल्या, आणि बहुतेक संपादन वर्षभरात उरकले. कोकणचा माणूस हट्टी आहे, विकासाचा वैरी आहे, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मग हाच मार्ग गोव्यात आल्यावर वणवा का पेटला? गोव्यात लोकांनी जमिनीच्या भावाविषयी विचारले नव्हते, वाटेविषयी विचारले होते. दाट वस्तीच्या तालुक्यांतून, भरती-ओहोटीच्या पाण्यावर जगणाऱ्या खाजन जमिनींवरून, जुन्या गोव्याच्या कुशीतून हा मार्ग जावा, की पूर्वेकडून आतल्या बाजूने जावा, हा त्यांचा प्रश्न होता. खाजन म्हणजे काय हे गोमंतकीय वाचकास सांगावयास नको. बांध, मानस आणि पोय यांच्या आधारे खाऱ्या पाण्यातून शेत सोडवून घेण्याची ही विद्या गांवकरीने शतकानुशतके जोपासली. तीत पाण्याची एक वाट अडली की दुसऱ्या टोकाचे शेत बुडते. त्या पाण्याचे ज्ञान नकाशावर नव्हते, ते मानशीवर बसणाऱ्या माणसापाशी होते. त्याला विचारावे असे मार्ग आखणाऱ्यांना वाटले नाही. त्याची शेतजमीन लागणार असेल तर मोबदल्याची नोटीस त्याला मिळावयाची. आणि लागणार नसेल, केवळ बुडणार असेल, तर तीही नाही.

परिणाम सर्वांसमोर आहे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९९२ मध्ये याचिका फेटाळली गेली. तरीही लोक शमले नाहीत. पुढच्याच वर्षी गोव्यातील कामाचा काही भाग थांबवावा लागला व निवृत्त न्यायमूर्ती ओझा यांच्याकडे चौकशी सोपवावी लागली. शेवटी मार्ग मुख्यतः तोच राहिला. म्हणजे जे विचारणे १९९० मध्ये काही सभांत पार पडले असते, ते १९९३ मध्ये मोर्चे, लाठ्या आणि आयोग यांच्या मार्गाने करावे लागले. आणि तेव्हाही ते विचारणे नव्हतेच, कारण दोन्ही टोकांना रूळ येऊन थांबले होते. दोन्ही टोके बांधून झाल्यावर मधल्या तुकड्याविषयी मत विचारणे म्हणजे आधी कळस मग पाया.

येथे कोणी म्हणेल की कायदा आहे, न्यायालये आहेत, तक्रार कसली? वकिलीचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्याच पुस्तकातून द्यावयास हवे. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे अकरावे कलम सांगते की रेल्वे बांधण्यासाठी व राखण्यासाठी लागणारी कामे इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी रेल्वे प्रशासनास करता येतील. २००६ च्या पर्यावरण-परिणाम अधिसूचनेच्या यादीत महामार्ग आहेत, विमानतळ आहेत; रेल्वे नाही. तेव्हा त्या अधिसूचनेतील जनसुनावणी रेल्वेला लागत नाही. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा अमलात आला. त्यात सामाजिक परिणामांची पाहणी आहे, पंचायतीशी विचारविनिमय आहे, गावात जाहीर सुनावणी आहे, अहवाल स्थानिक भाषेत प्रसिद्ध करण्याची आज्ञा आहे. वाचून मन सुखावते. पण पुस्तकाच्या अखेरीस चौथी अनुसूची आहे. ज्या तेरा कायद्यांना या तरतुदी लागू नाहीत, त्यांची ती यादी. तीत १९७८ चा मेट्रो रेल्वे कायदा आहे, १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा आहे आणि १९८९ चा रेल्वे कायदाही आहे. २०१५ मध्ये केंद्राने आज्ञा काढून नव्या कायद्यातील मोबदला व पुनर्वसन या तेरा कायद्यांनाही लागू केले. सुनावणी मात्र लागू केली नाही. पैसे मिळतील, बोलावयास मिळणार नाही, असा याचा सरळ मराठी अर्थ.

हरकतीची सोय काहीच नाही असे नव्हे. मेट्रोच्या कायद्यात एकवीस दिवस आहेत, रेल्वेच्या विशेष प्रकल्पांसाठी तीस दिवस आहेत. पण हरकत कोणी घ्यावयाची? जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे त्याने. समोरच्या चाळीतला भाडेकरू, पदपथावर फुले विकणारी बाई, रोज सकाळी देवळात जाणारा म्हातारा, वर्षानुवर्षे धूळ आणि हादरे सोसणारी शाळा, यांचा त्या जमिनीत हितसंबंध नाही. त्यांचे आयुष्य तेथे आहे, एवढेच. आणि नोटीस? ती दोन वृत्तपत्रांत येते, त्यांतले एक देशी भाषेतले असते, आणि तीत सर्व्हे नंबरांची रांग असते. भाषा देशी झाली म्हणून नोटीस कळली असे होत नाही. सर्व्हे नंबर वाचून आपल्या आजोबांची विहीर ओळखणारा माणूस मी अद्याप पाहिला नाही.

तीस वर्षांत आपण काही शिकलो असू, अशी आशा करावी तर तीही फोल ठरते. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर येथे रेल्वेच्या दुपदरीकरणाला विरोध करण्यासाठी हजारो गोमंतकीय रात्री रुळांवर उभे राहिले. शेतकरी, गृहिणी, तरुण, म्हातारे. दिवसा ज्यांना सभेत खुर्ची मिळत नाही, ते रात्री रुळांवर उभे राहतात. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता रद्द केली. निकाल स्वागतार्ह होता. पण त्याचा विषय अभयारण्य होता. गव्याच्या आणि वाघाच्या वतीने विचार करावयास कायद्याने निदान एक मंडळ तरी नेमले आहे. चांदरच्या माणसाच्या वतीने कोणते?

हैदराबादच्या मराठी वाचकांना हीच कथा शहरी वेषात ठाऊक आहे. सुलतान बाजारातून मेट्रोचा उन्नत मार्ग जाणार हे जाहीर झाले तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनी विरोध केला. २०१४ मध्ये नव्या तेलंगण सरकारने मार्ग बदलू म्हटले; पुढे मार्ग बदलला नाही, आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्याच बाजारावरून जाणारी मार्गिका सुरू झाली. मार्ग योग्य की अयोग्य हा वाद मी बाजूस ठेवतो. परंतु दुकान राहणार की जाणार हे न कळता काढलेली वर्षे कोणत्या हिशेबात धरावयाची? नवी उधारी द्यावी की नाही, मुलाला गल्ल्यावर बसवावे की नोकरीस लावावे, असे प्रश्न घरोघरी लोंबकळत राहतात. अनिश्चिततेचा मोबदला कोणत्याही कायद्यात नाही.

आता मोठ्या आक्षेपाकडे वळतो. प्रत्येकास विचारत बसले तर या देशात एक मैल रूळ पडणार नाही, असे म्हणतात. याला उत्तर दिल्लीने दिले आहे. ज्या श्रीधरन यांनी कोकण रेल्वे बांधली त्यांच्याच नेतृत्वाखाली दिल्ली मेट्रोचा पहिला टप्पा, सुमारे ६५ किलोमीटरचा, २००५ मध्ये मुदतीआधी पुरा झाला. दिल्लीत मार्ग लोकांना विचारून ठरला असे मी म्हणत नाही. परंतु काम चालू असताना वस्तीवस्तीत बैठका घेणे, कुंपण नेटके राखणे, मातीच्या गाड्यांची चाके धुऊन मगच त्या रस्त्यावर सोडणे, असली शिस्त तेथे होती. तिने काम अडले नाही. लोकांना माणसांप्रमाणे वागविल्याने वेळ वाया जातो ही समजूत त्या शहराने खोटी ठरविली.

आणि गोव्याने तर यापेक्षाही मोठा दाखला पूर्वीच दिला आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या जनतेला तिच्या भवितव्याविषयी मतदानाने विचारले गेले. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी पडले. या अंकाच्या वाचकांत तेव्हा दोन्ही बाजूंना झुंजलेल्या घराण्यांचे वंशज आहेत. हरलेल्यांना दुःख झाले, काहींचे आजही ओसरलेले नाही. पण आम्हांला विचारलेच नाही, असे म्हणणारा एकही माणूस त्यांच्यात मिळणार नाही. विचारण्याचे सामर्थ्य हेच. विचारल्याने सर्वांचे समाधान होत नाही. परंतु पराभूताला आपला निर्णय परक्याने लादला असे वाटत नाही. प्रदेशाच्या भवितव्याविषयी ज्यांना विचारता आले, त्यांना एका रुळाविषयी विचारता येत नाही काय?

येथवर सत्तेला बोल लावला. आता थोडे आपल्याकडे, देवळाच्या सभामंडपाकडे पाहू. मार्ग देवालयाच्या प्राकाराला शिवणार अशी कुणकुण लागली की महाजन धावतात, निवेदने जातात, मंत्री येऊन नारळ वाढवितात, आणि मार्ग चार हात सरकतो. देव वाचला म्हणून आपण घरी येतो. तो चार हात कोणाच्या अंगणात सरकला, हे आपण विचारीत नाही. हैदराबादच्या जुन्या शहरातल्या नियोजित मेट्रोच्या वाटेवर मंदिरे, मशिदी, दर्गे, आशूरखाने मिळून शंभरावर स्थाने आहेत, आणि ती वाचविण्यासाठी वळणे व खांब बदलण्याचे आश्वासन सरकारने दिले आहे. चांगले झाले. पण त्या स्थानांच्या सावलीत राहणाऱ्यांसाठी कोणते वळण? श्रद्धास्थानांना भीड आहे आणि शेजाऱ्याला नाही, हा न्याय नव्हे.

गोमंतकीय देवळांच्या भक्ताने तर हे विसरू नये. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून मंगेश प्रियोळास गेला, केळशीहून शांतादुर्गा कवळ्यास आली. न विचारता उठविले जाणे काय असते, हे आपल्या देवांनीच भोगले आहे. आज त्याच कुठ्ठाळीजवळ झुवारीवर रेल्वेचा पूल उभा आहे. दोन्ही घटनांची तुलना मी करीत नाही. राज्यकर्ते निराळे, हेतू निराळे. मी म्हणतो ते इतकेच की उठविल्या गेलेल्यांच्या वंशजांना शेजाऱ्याच्या उठण्याची चाड असावयास हवी. आपल्या देवळात १९३३ च्या नियमावलीप्रमाणे महाजनांची सभा भरते, हिशेब वाचला जातो, ठराव लिहिला जातो. जे आपण देवाच्या जमाखर्चासाठी आवश्यक मानतो, ते गावाच्या जमिनीसाठी अनावश्यक कसे?

तेव्हा मागावयाचे काय? चौथ्या अनुसूचीतून रेल्वे, मेट्रो व महामार्ग काढावेत, किंवा निदान सुनावणीची तरतूद त्यांना लागू करावी. सुनावणी मार्ग ठरण्यापूर्वी व्हावी आणि तीत एकाहून अधिक मार्ग मांडलेले असावेत. एकच मार्ग मांडून घेतलेली सुनावणी म्हणजे वरातीमागून घोडे. सर्व्हे नंबरांबरोबर वाड्यांची, विहिरींची, देवळांची, शाळांची नावे असलेला नकाशा कोकणीत आणि मराठीत पंचायतीच्या भिंतीवर लागावा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात दोन्ही भाषांना स्थान दिले आहे. ते स्थान निमंत्रणपत्रिकांपुरते नसावे. प्रत्येक हरकतीला कारणासह लेखी उत्तर मिळावे, मग ते नकाराचे का असेना. आणि काम चालू असताना जागेवर असा एक अधिकारी असावा की ज्याला रात्रीचे यंत्र थांबविण्याचा अधिकार आहे. ज्याला केवळ दिलगिरी व्यक्त करण्याचा अधिकार आहे तो उपयोगाचा नाही.

यासाठी आपला सभामंडप खुला करावा. पुढच्या वेळी मार्गाची बातमी आली की आपले देऊळ त्यात येते की नाही हे पाहण्यापूर्वी महाजनांनी सभा बोलवावी, आणि तीत महाजन नसलेल्यांनाही बोलवावे. कुळाला, भाडेकरूला, फुलवालीला, पलीकडच्या वाड्यावरच्या ख्रिस्ती शेतकऱ्याला, मशिदीच्या मुतवल्लीला. त्या सभेचा ठराव सरकारला पाठवावा. एका देवळाची विनंती मंत्री सहज मान्य करतो, कारण ती स्वस्त असते. साऱ्या गावाचा प्रश्न मात्र त्याला टाळता येणार नाही.