मांजरही म्हातारे होते

*पाळीव प्राण्यांचा मधुमेह हे शहरी लाड नव्हेत. वेळीच ओळखला, तर हा आजार आटोक्यात राहू शकतो. त्यासाठी घराला शिस्त हवी आणि सरकारी दवाखान्यात थोडी जागा हवी.*

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूरसारख्या गावात गाय आटली किंवा म्हैस लंगडू लागली, की लगेच डॉक्टरला फोन जातो. दुधाचा हिशेब त्यावर अवलंबून असतो, म्हणून ते योग्यच आहे. मांजराच्या वाट्याला मात्र असा फोन क्वचितच येतो. बारा-तेरा वर्षे घरात वावरलेले, धान्याच्या पोत्यांमागचे उंदीर मारून म्हातारे झालेले मांजर रोडावू लागले, की ‘वय झाले’ एवढेच निदान घरातल्या घरात होते. अनेकदा ते चुकीचे असते. म्हातारपण हा आजार नाही. पण त्याच्या आडोशाने येणारे आजार असतात, आणि मधुमेह हा त्यांतला एक प्रमुख आजार आहे.

मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या ‘टाइप २’ प्रकाराशी मिळताजुळता असतो. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होते, पण ते पुरत नाही किंवा शरीर त्याला दाद देत नाही. उतारवय, लठ्ठपणा, घरात बसून राहणे आणि नसबंदी झालेला बोका असणे, ही जोखमीची कारणे. खाज, दमा किंवा हिरड्यांच्या सुजेसाठी वारंवार दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनेही त्यात भर घालतात. ‘एक सुई मारली की महिनाभर बरे वाटते’ या समाधानाची किंमत काही मांजरांना मधुमेहाच्या रूपाने मोजावी लागते.

लक्षणे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मांजर मूळचे कोरड्या प्रदेशातले, कमी पाणी पिणारे. तेच हौदावर, बादलीवर, मोरीतल्या भांड्यावर सारखे तोंड लावू लागले, तर घरच्यांनी सावध व्हावे. दिवसाला दर किलो वजनामागे शंभर मिलिलिटरहून अधिक पाणी, म्हणजे चार किलोच्या मांजराने चारशे मिलिलिटरहून अधिक, हे उघड अतिरेकी पिणे होय. लघवी वाढते, आणि ती फरशीवर झाली तर तेथे मुंग्या लागतात. भूक वाढूनही वजन घटते. उशीर झाला, तर मागच्या पायांच्या नसा कमजोर होतात आणि मांजर बोटांवर चालण्याऐवजी टाचा टेकून चालू लागते. उडी चुकू लागली, की लोक त्याला संधिवात समजतात.

निदान मात्र डॉक्टरकडेच व्हायला हवे, कारण मांजर येथे चकवते. पिशवीत घालून, दुचाकीवर बसवून आणलेल्या घाबरलेल्या मांजराची साखर केवळ भीतीने बरीच वर जाऊ शकते. म्हणून एका तपासणीवर न थांबता लघवीतील साखर पाहतात आणि शक्य असेल तेथे फ्रुक्टोसामाइन ही चाचणी करतात. गेल्या एक-दोन आठवड्यांत साखर सरासरी कशी होती, हे ती सांगते.

खरी गुंतागुंत पुढे आहे. म्हाताऱ्या मांजराला बहुधा एकटा मधुमेह नसतो. जास्त पाणी पिणे हे मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचेही लक्षण आहे, आणि तो विकार म्हाताऱ्या मांजरांत अगदी सर्रास आढळतो. भरपूर खाऊनही रोडावणे हे थायरॉइड वाढल्याचेही लक्षण आहे. स्वादुपिंडाची सूज, किडलेले दात, लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग यांपैकी काहीही आत दडलेले असले, तर इन्सुलिनला हवी तशी दाद मिळत नाही. डोस वाढवत नेण्याआधी तोंड उघडून दात पाहणे आणि लघवी तपासणे अधिक उपयोगी ठरते. मूत्रपिंडाच्या विकारात रक्तदाब वाढतो. तो मोजला गेला नाही, तर डोळ्यांतील पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळे होऊ शकते.

आहारात तर हे आजार एकमेकांच्या विरोधात उभे राहतात. मधुमेहासाठी कमी पिष्टमय आणि प्रथिनांनी भरलेले अन्न हवे. मूत्रपिंडासाठी फॉस्फरस कमी हवा आणि प्रथिनांवर मर्यादा हवी. दोन्ही तंतोतंत पाळता येत नाहीत. अशा वेळी कोणता आजार मांजराला आज अधिक त्रास देतो आहे, हे पाहून डॉक्टर मधला मार्ग काढतात. मांजराने काहीतरी खाणे, ही त्यातली पहिली अट. लठ्ठ मांजराला ‘साखर उतरेल’ म्हणून उपाशी ठेवले, तर दोन-चार दिवसांत त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतते. माणसाला लागू पडणारा लंघनाचा सल्ला मांजराच्या बाबतीत घातक आहे.

आपल्याकडच्या घरांत मांजराचे जेवण म्हणजे दूध-भात किंवा दुधात कुस्करलेली पोळी. मांजर मात्र निव्वळ मांसाहारी प्राणी. त्याच्या जिभेला गोड चव कळतच नाही, त्यासाठी लागणारे जनुक त्याच्यात निकामी झालेले आहे. भातातील पिष्ट झटपट हाताळण्याची सोय त्याच्या यकृतात अपुरी असते. वेळापूर हे माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव, आणि येथे माळकरी घरे पुष्कळ. ज्या घरात मांस शिजत नाही, त्या घरापुढे हा खरा पेच आहे आणि त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. बंद डब्यातले किंवा पाकिटातले ओले मांजरखाद्य स्वयंपाकघराबाहेर, वेगळ्या भांड्यात देता येते. जेथे मांसाहार चालतो, तेथे उकडलेली कोंबडी, मासळी, अंडे चालेल. त्यात मसाला, कांदा आणि लसूण नको, कारण कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात. नुसत्या कोंबडीवरही कायम भागत नाही, कॅल्शियम आणि टॉरिन यांची पूर्तता करावी लागते. इन्सुलिन चालू असताना आहार अचानक बदलू नये, हे तर पक्के लक्षात ठेवावे. अन्नातले पिष्ट कमी झाले की इन्सुलिनची गरज घटते आणि कालपर्यंत योग्य असलेला डोस आज जास्त होतो.

इन्सुलिनची सुई ऐकूनच बरेच जण माघार घेतात. प्रत्यक्षात मानेजवळची सैल कातडी चिमटीत धरून दिलेली ही बारीक सुई बहुतेक मांजरांना जेवताना फारशी जाणवत नाही. साधारण बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा, खाण्याच्या वेळेला ती द्यायची असते. माणसांसाठीचे ग्लार्जिन मांजरांतही वापरले जाते आणि ते तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळू शकते. परंतु येथेच सर्वांत मोठा धोका आहे. भारतात इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळते. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या कुपीसाठी लाल टोपणाची सिरिंज असते, तर १०० युनिटवाल्या औषधासाठी नारिंगी टोपणाची. ग्लार्जिन सहसा १०० युनिटचे असते. ते चुकून लाल टोपणाच्या सिरिंजने भरले, तर प्रत्येक खुणेला अडीचपट औषध जाते. दोन युनिट घेणाऱ्या मांजराच्या अंगात पाच युनिट गेले, तर त्याचा जीव जाऊ शकतो. घरात आजी किंवा आजोबांचे इन्सुलिन आधीच असेल, तर दोन्हींचे डबे वेगळे ठेवावेत आणि मांजराची सुई घरातील एकाच माणसाकडे सोपवावी. ‘तू दिलीस का, मी दिली’ या गोंधळात दोनदा डोस जाण्याची भीती असते. शंका असेल तर त्या वेळी डोस देऊ नये. एखादा चुकलेला डोस सहसा निभावतो, पण दुप्पट गेलेला निभावेलच असे नाही.

साखर फार उतरली, की मांजर लडखडते, थरथरते, शून्यात पाहत बसते आणि पुढे झटके येतात. शुद्धीत असेल तर लगेच खाऊ घालावे. खात नसेल तर मध किंवा साखरेचे दाट पाणी हिरड्यांना चोळावे आणि डॉक्टरला गाठावे. बेशुद्ध जनावराच्या घशात पातळ काही ओतू नये. उलट, मधुमेही मांजर दिवसभर खात नाही, ओकते, मलूल पडते, तेव्हा शरीरात किटोन साचल्याची शक्यता असते. ती तातडीची वेळ समजावी.

घरातल्या ग्लुकोमीटरवर कानाच्या कडेच्या थेंबाने साखर पाहता येते. माणसांचे यंत्र मांजराची साखर बहुधा थोडी कमी दाखवते, हे ध्यानात ठेवावे. मांजराची साखर माणसासारखी १२० वर आणण्याचा हट्ट धरू नये. दिवसाचा बराच वेळ ती १०० ते ३०० मिलिग्रॅमच्या दरम्यान राहिली, तहान कमी झाली, वजन टिकले, तर उपचार नीट चालले आहेत असे समजतात. काही मांजरांत, विशेषतः लवकर निदान झाले आणि आहार सुधारला तर, इन्सुलिन पूर्ण बंदही करता येते. गेल्या काही वर्षांत तोंडाने देण्याची नवी औषधेही आली आहेत. अमेरिकेने त्यांतील पहिल्या औषधाला डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली. परंतु मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेल्या, आधीच मलूल झालेल्या मांजरासाठी ती नाहीत आणि त्यांच्यासोबत किटोनचा धोका राहतो. म्हाताऱ्या, अनेक आजार असलेल्या मांजराच्या बाबतीत हा मुद्दा निर्णायक ठरतो.

घरगुती औषधांपासूनही मांजराला जपावे लागते. पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराला मारू शकते, कारण ते औषध निकामी करण्याची व्यवस्था त्याच्या यकृतात जवळजवळ नसते. गोठ्यातल्या जनावरांच्या गोचिडांसाठी वापरली जाणारी परमेथ्रिन गटातील औषधेही त्याला विषारी आहेत. कारल्याचा रस आणि मेथीचे पाणी मांजराच्या घशात ओतल्याने मधुमेह जात नाही, मांजराचा माणसावरचा विश्वास तेवढा जातो.

हे सारे एका मांजरासाठी कशाला, असा प्रश्न विचारला जातो. इन्सुलिनचा इतिहास पाहिला तर त्याचे एक उत्तर मिळते. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून हे औषध हाती आले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले. पुढची सुमारे साठ वर्षे माणसांचे इन्सुलिन गाई-बैल आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जात होते. गाईचे आणि मांजराचे इन्सुलिन तर एका अमिनो आम्लाच्या फरकाने वेगळे आहे. भारतात आज दहा कोटींहून अधिक लोक मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने दिला. त्यांतल्या ज्यांना इन्सुलिन लागते, त्यांचा आधार ज्या प्राण्यांच्या जिवावर उभा राहिला, त्यांच्याविषयी थोडी बांधिलकी मानायला हरकत नाही.

ती बांधिलकी एकट्या घराने निभावायची, हे मात्र बरोबर नाही. तालुक्यांतील सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्यासाठी उभे राहिले, आणि तेथील डॉक्टरांवर लसीकरणापासून कृत्रिम रेतनापर्यंतचा भार आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण वेळापूरहून सोलापूर शंभरेक किलोमीटर, पुणे त्याहून बरेच दूर. घाबरलेल्या म्हाताऱ्या मांजराला घेऊन रक्ताच्या एका चाचणीसाठी एवढा प्रवास कोण किती वेळा करील? आषाढीच्या वारीत रस्ते वाहतुकीसाठी बंद असतात, तेव्हा तर तोही पर्याय उरत नाही. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातला एक दिवस लहान प्राण्यांसाठी राखून ठेवता येईल. साखर, क्रिएटिनिन आणि लघवीच्या तपासण्या माफक शुल्कात करता येतील. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील तज्ज्ञांचा सल्ला तालुक्याच्या डॉक्टरला फोनवर किंवा पडद्यावर मिळण्याची पद्धत बसवता येईल. यातल्या कशालाही मोठी इमारत लागत नाही.

कायद्याची बाजूही दुबळी आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा पाळीव प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा मानतो. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी दंड दहा ते पन्नास रुपये. आजारी मांजर पोत्यात घालून दूरच्या शिवारात सोडून येणाऱ्याला या रकमेचा धाक वाटणार नाही. इन्सुलिनवर असलेले मांजर असे सोडले, तर ते फार दिवस जगत नाही, आणि त्याचा शेवट सुखाचा नसतो.

प्रत्येक घराने दिवसातून दोन सुया टोचाव्यात, असा आग्रह कोणी धरू नये. पैसा, वेळ आणि अंगातले बळ यांना मर्यादा असतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला बारा तासांची वेळ पाळणे शक्यच नाही. मूत्रपिंड निकामी झालेले, खाणे सोडलेले, वेदनेत असलेले मांजर केवळ आकडे सुधारण्यासाठी टोचत राहणे हीदेखील दया नव्हे. अशा वेळी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून, वेदना न देता त्याचा शेवट घडवून आणण्याचा निर्णय घेण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. निर्णय कोणताही असो, तो तपासणीनंतर आणि माहितीच्या आधारे व्हावा. त्यासाठी लागणारी साधी रक्तचाचणी माळशिरस तालुक्यातच मिळेल, एवढी व्यवस्था पशुसंवर्धन विभागाने उभी करावी.